उंबऱ्यावरचा पालथा पेला

फ्रोइलानाबाईंनी उंबऱ्यावर एकच पेला ठेवला होता. सकाळी सातला, स्वतःच्या हाताने, माठातलं पाणी भरून. शेजारी एक पांढरं फूल आणि पावाचा तुकडा. तो त्यांच्या वडिलांसाठी, आन्सेल्मोंसाठी. ते बावन्न वर्षांपूर्वी खाणीत दगडाखाली गेले होते. अठ्ठावीस ऑक्टोबर हा तेपांगो गावात अशांचाच दिवस. म्हातारपणाने, आजाराने, अंथरुणात गेलेली माणसं नोव्हेंबरच्या एक तारखेला येतात, घरात शिरतात, आपापल्या फोटोसमोर बसून सावकाश जेवतात. पण ज्यांना कोणी मारलं, जे कड्यावरून पडले, ज्यांच्या अंगावरून ट्रक गेला, ती चार दिवस आधी येतात आणि घाईत असतात. ती उंबरा ओलांडत नाहीत. पाणी पितात आणि निघून जातात.

नऊ वाजता ओतिलिया झाडू घेऊन दाराशी आली, तर पेले दोन होते. दोन्ही काठोकाठ भरलेले.

ती झाडू टेकून उभी राहिली. तिला वाटलं, आईने अखेर हार मानली. चौदा महिने ही बाई एलिगिओचा फोटो मेलेल्यांच्या मेजाजवळ फिरकू देत नव्हती. त्याच्या शर्टांना दर शनिवारी इस्त्री करत होती. तिने शेवटी मुलासाठी पाणी ठेवलं. ओतिलियाला भावाच्या आठवणीने रडू आलं. थोडं हायसंही वाटलं आणि हायसं वाटल्याची लगेच लाज वाटली.

तेवढ्यात फ्रोइलानाबाई बाहेर आल्या, पेले पाहून कडाडल्या, "हा दुसरा कोणी ठेवला?"

"तू नाही ठेवलास?"

"मी? माझ्या घरातून आजच्या दिवशी एकच माणूस पाणी पितो, तो माझा बाप! देल्फिना! ए देल्फिना, आधी इकडे ये."

देल्फिना मागच्या अंगणात मका धूत होती, ती हात पुसत आली. एलिगिओची ही बायको डोंगरापलीकडच्या गावची. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी या घरात ती अजून 'पलीकडची'च होती. या वर्षी तरी त्याचा फोटो मेजावर मांडू द्या, म्हणून गेले पंधरा दिवस ती सासूच्या मागे लागली होती.

"मी नाही ठेवला, सासूबाई."

"मग काय चालत आला? तुला विधवा व्हायची भारी घाई झालीय!"

"घाई?" देल्फिनाचा आवाज चढला. "दुकानात गेले की मला काय म्हणून हाक मारावी ते लोकांना कळत नाही. एलिगिओची बायको म्हणतात आणि खाली बघतात. मला घाई नाही हो. मला रडायचंय. या घरात रडायला बंदी आहे."

"जिवंत माणसासाठी कोण रडतं?"

"आई, पुरे," ओतिलिया म्हणाली. "वहिनी, खरं सांग. पेल्याला हात लावलास का?"

"लावला. ठेवला नाही, नुसता भरला. साडेसातला दूध आणायला निघाले तेव्हा पालथा पडलेला होता. म्हटलं मांजराने लवंडला असेल. उचलला, भरून ठेवला."

फ्रोइलानाबाईंनी पुढे होऊन पेल्याकडे वाकून पाहिलं.

"लवंडलेला होता की पालथा घातलेला?" ओतिलियाने विचारलं.

"तोंड खाली. नीट, सरळ. फूल त्याच्या बुडावर ठेवलेलं. का? काय झालं?"

"मांजरच असेल," असं म्हणून फ्रोइलानाबाई आत निघून गेल्या. भरलेला पेला त्यांनी हलवला नाही, फोडला नाही, त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. ओतिलियाला त्यांच्या ओरडण्यापेक्षा याचीच जास्त भीती वाटली.

तेपांगोत पाण्याने नेलेल्याला पाणी दाखवत नाहीत. त्याच्या नशिबी ते पुरेसं आलेलं असतं. त्याच्यासाठी रिकामा पेला उंबऱ्यावर पालथा घालतात आणि फूल वर ठेवतात. असा पेला ओतिलियाने आयुष्यात एकदाच पाहिला होता, सहा वर्षांची असताना, पुरात गेलेल्या तोमासाच्या आईच्या दारात. त्यानंतर गावात कोणी बुडालं नव्हतं आणि ही रीत निम्मं गाव विसरून गेलं होतं. देल्फिनाच्या माहेरी तर बायका पाण्यासाठी दोन तास चालतात, तिथे बुडायचं म्हटलं तरी पाणी आणायचं कुठून? तिला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. गावचं पाणी बाटल्यांत भरणाऱ्या कंपनीच्या बाहेरगावच्या माणसांना तर त्याहूनही नव्हतं.

मग ज्याला ठाऊक होतं, तो कोण?

*

एलिगिओ हा तेपांगोचा वार्ताहर. त्याला कोणी नेमलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं, आणि हाकलायचं म्हटलं तर हाकलायला मालकही नव्हता. घराच्या छपरावर त्याने एक कर्णा बसवला होता. सकाळी त्यावरून कुणाची शेळी हरवली, कुणाकडे मक्याचे वाफाळते तामाले तयार आहेत, हे सांगायचं. दुपारी बाराला खरी बातमी. आज कंपनीने गावच्या झऱ्यावरून किती टँकर भरले, डोंगरावरच्या जुन्या हौदाचं पाणी किती बोटं उतरलं, सरपंचाने कुठल्या कागदावर सही केली. महिन्यातून दोनदा 'थेंब' नावाचं एक पान छापून तो भिंतींवर चिकटवायचा. मोर्चा असला की कर्णा खाली उतरवून मोटारसायकलवर बांधायचा.

त्याचा एकच नियम होता. नावाशिवाय बातमी नाही. "सांगणारा अमुक, अमक्याचा मुलगा, अमक्या गल्लीतला," असं आधी म्हणायचं आणि मग काय ते सांगायचं. बिननावाची बातमी कितीही खरी असली तरी तो परत पाठवायचा. लोक वैतागायचे. बोलण्याआधी माइकवर दोनदा फुंकर मारायची त्याला सवय होती. फू, फू. तेवढं ऐकलं की बायका तव्याखालचा जाळ कमी करायच्या.

गेल्या वर्षी सतरा ऑगस्टला तो गाठी मारलेली दोरी आणि वही घेऊन जुन्या हौदाचं पाणी मोजायला गेला तो परत आला नाही. दोन दिवसांनी मोटारसायकल हमरस्त्यावरच्या बसथांब्याशी सापडली. तिसऱ्या दिवशी एवारिस्तोमामांनी सांगितलं, की एलिगिओला उत्तरेकडच्या बसमध्ये चढताना मी या डोळ्यांनी पाहिलं. धमक्या येत होत्याच, जीव वाचवायला गेला असणार. फ्रोइलानाबाई त्या एका वाक्यावर चौदा महिने जगत होत्या. आणि ते वाक्य कर्ण्यावरून गावाला सांगितलं होतं ओतिलियानेच. "सांगणारा एवारिस्तो, आन्सेल्मोंचा मुलगा, खालच्या गल्लीतला."

भावाच्या मागे वर्षभर ती रोज बाराला बोलत राहिली. मग सप्टेंबर संपता संपता एक दिवस ती अंगणात कपडे वाळत घालत असताना कर्णा आपणहून बोलला. बोलला म्हणजे, फू, फू. पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशीही. फ्रोइलानाबाईंना वाटलं मुलगी चेष्टा करते, म्हणून त्यांनी तार उपटून टाकली. तिसऱ्या दिवशी तार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि बाराला फू, फू झालंच. वायरमन म्हणाला, कर्ण्यात दव साचतं. भर दुपारी, रणरणत्या उन्हात! वायरमनला बिचाऱ्याला काहीतरी म्हणावंच लागतं. तेव्हापासून घरातलं कोणी बाराच्या सुमाराला अंगणात थांबत नसे आणि त्याबद्दल बोलतही नसे.

*

मामा साडेअकराला आले. हातात झेंडूच्या दोन जुड्या, काखेत मेस्काल दारूची बाटली. वडिलांचा दिवस असल्यामुळे दर वर्षी अठ्ठावीसला ते बहिणीकडे जेवत. ते कंपनीत पहारेकरी होते, जुन्या हौदाची राखण त्यांच्याकडे होती. एलिगिओचं आणि त्यांचं त्यावरून कडाक्याचं वाजायचं, तरी रविवारी मामा-भाचे एकाच ताटात भाकरी बुडवायचे.

आज ते दारातून येताना भिंतीला चिकटून आले. उंबऱ्याकडे बघितलं आणि त्यांचा पाय क्षणभर अडखळला.

"ये रे. पाणी घे, उन्हातून आलास," फ्रोइलानाबाई म्हणाल्या.

"नको, ताई. ही बाटली आहे ना."

"चौदा महिन्यांत तुला पाण्याचा घोट घेताना पाहिलं नाही मी. आंघोळ तरी पाण्याने करतोस, की तीही मेस्कालने?"

देल्फिनालाही हसू आलं. मामा हसले नाहीत. खुर्ची दारापासून लांब ओढून बसले. बूट त्यांनी काढले नव्हते, आणि ओतिलियाला दिसलं की ते घोट्यापर्यंत ओले आहेत. बाहेर तर फुफाटा उडत होता.

"मामा, बूट कशाने भिजले?"

"घरातली फरशी. रोज सकाळी ओली असते. पाइप गळत असेल कुठेतरी."

"तुमच्या घरात पाइप आहे कुठे? तुम्ही तर हंड्याने आणता."

मामांनी बाटलीचं बूच काढण्यात बराच वेळ घालवला. ओतिलिया मोलेच्या रश्शाचं पातेलं हलवायला चुलीकडे गेली. चुलीजवळच्या खिडकीतून बरोबर उंबरा दिसतो.

बारा वाजले. देवळाची घंटा वाजून थांबली आणि छपरावर कोणीतरी श्वास घेतल्यासारखं झालं.

फू. फू.

मामांच्या हातातला ग्लास सांडला. "ताई, तार काढली होतीस ना गं?"

"काढलीय," फ्रोइलानाबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. "जेव."

"मी जरा... विडी ओढून आलो."

ते बाहेर गेले. ओतिलियाने पळी पातेल्यात तशीच सोडली आणि खिडकीशी उभी राहिली. मामांनी विडी काढली नाही. इकडे तिकडे पाहिलं, उंबऱ्याशी गुडघे टेकले, टोपी काढली. दुसरा पेला दोन्ही हातांनी उचलून पाणी घाईघाईने बाजूच्या मातीत ओतलं. तान्ह्या पोराच्या तोंडावरून हात फिरवावा तसा पेला बाहीने आतून कोरडा केला. मग तो पालथा घातला आणि फूल वर ठेवलं. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही, पण "पोरा" एवढं समजलं.

ते आत आले तेव्हा ती मेजाशी उभी होती.

"मामा, हात कसे ओले झाले?"

"हात... धुतले."

"तुम्ही? पाण्याने?"

मामांनी हात पँटला पुसले. ओतिलियाला स्वतःचाच आवाज परका वाटत होता. "तो पेला तुम्ही पालथा घातलात. आत्ता पुन्हा घातलात. आईने नाही, मी नाही. तुम्हीच."

"वडिलांचा..."

"आजोबांचा भरलेला आहे. आजोबा दगडाखाली गेले."

"पालथा म्हणजे काय?" देल्फिनाने विचारलं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "सकाळपासून सगळे पालथा पालथा करताय. मी पलीकडची आहे, मला कोणी सांगेल का?"

"बुडालेल्या माणसाचा पेला, वहिनी."

देल्फिना उभ्याची खाली बसली.

"काहीतरीच!" फ्रोइलानाबाई भावाच्या बाजूने उभ्या राहिल्या, नेहमीसारख्याच. "हा लहानपणापासून भित्रा. कर्ण्याला घाबरला, काहीबाही स्वप्नं पडली असतील, म्हणून घातला असेल पालथा. याने माझ्या पोराला बसमध्ये चढताना पाहिलंय. सांग यांना, एवारिस्तो. सांग!"

"पाहिलं," मामा म्हणाले.

"काय घातलं होतं त्याने?" देल्फिनाने विचारलं. पूर्वी हे कधी कोणी विचारलं नव्हतं. बाईंच्या देखत विचारायची कोणाची छाती नव्हती.

"निळा शर्ट. चौकड्यांचा."

फ्रोइलानाबाईंनी डोळे मिटले. ओतिलियाला वाटलं, आई आता पडते. पण त्या पडल्या नाहीत. डोळे उघडून त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "निळ्या चौकड्यांच्या शर्टाला मी दर शनिवारी इस्त्री करते. तो कपाटात आहे."

मामांनी तोंड झाकून घेतलं.

"बोल आता," बहीण म्हणाली.

"मला माहीत नव्हतं, ताई. आईची शपथ. त्या दिवशी कंपनीचा मुकादम आला, म्हणाला जुन्या हौदाचं लोखंडी झाकण आत्ताच्या आत्ता बसव. का, ते मी विचारलं नाही. मी कधीच विचारत नाही. झाकण ओढलं, बोल्ट आवळले. चौथा आवळताना आतून दोनदा वाजलं."

"काय वाजलं?"

"ठक ठक. दोनदाच. मला वाटलं, पाइपात हवा असेल. हौदात कधीकधी वाजतं तसं." मामा ढसाढसा रडत होते आणि रडत रडत बोलत होते. "दुसऱ्या दिवशी गवतात त्याची दोरी सापडली. गाठींची. आणि झुडपामागे मोटारसायकल."

"मग उघडलंस?"

मामांनी बाहीने तोंड पुसलं.

"उघडलंस का, एवारिस्तो?"

"नाही. मुकादम म्हणाला, आता उघडलंस तर बोल्ट आवळणारे हात तुझेच आहेत. मोटारसायकल मी नेऊन ठेवली. बसची गोष्ट मी रचली. तू जेवत नव्हतीस, ताई. बस म्हटल्यावर तू जेवलीस."

देल्फिना रडायला लागली. मोठ्याने, गळा काढून, चौदा महिन्यांचं. तिला कोणी गप्प केलं नाही. ओतिलियाला सारखं ते आपणच कर्ण्यावरून म्हटलेलं वाक्य आठवत होतं. ते खोटं नावानिशी आलं होतं आणि तिने ते गावभर पोचवलं होतं. त्या क्षणी तिला मामांचा गळा धरावासा वाटत होता आणि स्वतःचाही.

फ्रोइलानाबाई भावाजवळ गेल्या. मारणार असं वाटलं. त्यांनी नुसतं त्याच्यापुढचं ताट उचललं आणि लांब ठेवलं.

"मी शहरात जातो, ताई. फौजदाराकडे जातो. सगळं लिहून देतो."

"शहर नंतर. आधी वर जा." त्यांनी बोट छपराकडे केलं. "तो काय म्हणायचा? नाव सांगून बोल."

*

ओतिलिया शिडीने वर गेली. कर्ण्याचा पत्रा हात भाजेल इतका तापला होता. दव नव्हतं. तार खालून वर ओढून घेऊन तिने टोक उघडं केलं, दातांनी, एलिगिओ सोलायचा तसं. खाली मामा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर अडून राहिले होते.

"चढ," फ्रोइलानाबाई म्हणाल्या.

"ताई, तो वरच आहे."

"तर मग त्याच्या तोंडावर सांग."

तार अजून ओतिलियाच्या हातात होती. दोन्ही टोकं, एकेका मुठीत, मध्ये वीतभर अंतर. तिच्या कानापासून हातभर लांब कर्ण्यातून श्वास आला. गार होता, आणि त्याला बंद पाण्याचा वास होता.

फू. फू.

ती किंचाळली नाही. तिला घाबरायलाही सुचलं नाही. अंगणात आईने मान वर केली होती. उन्हाने त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"हो रे," फ्रोइलानाबाई म्हणाल्या. "ऐकतेय."

मामा वर आले. ओतिलियाने तार जोडली, माइक त्यांच्या हातात दिला आणि तो खाली पडू नये म्हणून आपल्या हाताने धरून ठेवला.

"सांगणारा एवारिस्तो," आवाज डोंगरावर आपटून परत आला. "आन्सेल्मोंचा मुलगा, खालच्या गल्लीतला..."

गल्लीतली दारं एकामागून एक उघडली. मामा बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. बोल्ट हा शब्द आला तेव्हा कोपऱ्यावरच्या लोहाराने काही न विचारता मोठा पाना खांद्यावर घेतला. देल्फिना झेंडूच्या पाकळ्यांची टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे डोंगराची वाट चालायला लागली होती. पाकळ्या ती अजून टाकत नव्हती. त्या येताना टाकायच्या असतात, हौदापासून घरापर्यंत, त्याला वाट दिसावी म्हणून. आज हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही.

फ्रोइलानाबाई मात्र गेल्या नाहीत. छपरावरून ओतिलियाला दिसलं, त्या उंबऱ्याशी वाकल्या, फूल बाजूला केलं, पालथा पेला उचलून सुलटा केला आणि छातीशी धरून आत नेला.

"आई," ती वरून म्हणाली, "आज येणारे आत येत नाहीत."

"हा येईल. त्याचं घर आहे." त्यांचा आवाज आता आतून येत होता, मेजापाशी भांडी सरकवल्याचा आवाजही. "तू खाली ये आणि कॉफी ठेव. दालचिनी घालून. पाणी पुष्कळ झालं त्याला. आणि दार लावू नकोस."